बावीस मुलं, सहा प्रश्नपत्रिका आणि एक वाळलेला प्रिंटर

ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहते. घरीच पाचवी ते आठवीच्या २२ मुलांची शिकवणी घेते. महिन्याला दोन-दोन पानांच्या सहा सराव प्रश्नपत्रिका लागतात. सध्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढते, पानाला ३ रुपये. आमच्याकडे कार्ट्रिजचा प्रिंटर होता. काळी कार्ट्रिज ९०० रुपयांची, खोक्यावर ४८० पानं लिहिलेली, पण तीनशेच्या पुढे कधी गेली नाही. त्यात दर मे महिन्यात आम्ही सासरी देवगडला जातो, आंब्याचे दिवस असतात, महिनाभर सुटका नसते. परत आलं की शाई वाळलेली! तिसऱ्या वर्षी मी तो प्रिंटर माळ्यावर टाकला. आता दुकानदार तीन प्रकार दाखवतोय : कार्ट्रिजचा ३,८०० ला, शाईच्या टाकीचा १२,५०० ला आणि काळा-पांढरा लेझर १३,००० ला. मिस्टर म्हणतात, स्वस्तातला घे, असं कितीसं छापायचंय? मुलीला शाळेच्या प्रोजेक्टला अधूनमधून रंगीत चित्रं लागतात. कुठला घेऊ?
– एक वाचक, चिंचवड

नमस्कार. तुमच्या पत्रात एक फार चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे आकडे. नाहीतर मला येणाऱ्या दहापैकी नऊ पत्रांत ‘चांगला आणि स्वस्त प्रिंटर सांगा’ एवढंच असतं. म्हणजे ‘चांगलं आणि स्वस्त स्थळ सांगा’ म्हटल्यासारखं. महिन्याला किती पानं छापणार हे कळल्याशिवाय कुठला प्रिंटर स्वस्त, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तर तुमचा हिशेब. सहा प्रश्नपत्रिका, प्रत्येकी दोन पानं, बावीस मुलं : महिन्याला २६४ पानं. वर्षाचे दहा महिने धरले तर अडीच हजारांच्या वर. तीन वर्षांत आठ हजार. ‘कितीसं छापायचंय’ याचं उत्तर हे.

आता मिस्टरांचा ३,८०० चा प्रिंटर. ९०० ची कार्ट्रिज तीनशे पानं चालते, म्हणजे नुसती शाईच पानाला ३ रुपये. कागद वेगळा, ५०० कागदांचं रिम तीनशेला धरलं तर ६० पैसे. घरी छापलेलं पान ३ रुपये ६० पैशांना आणि झेरॉक्सवाल्याकडे ३ रुपयांना! तुम्ही इतकी वर्षं प्रिंटर विकत घेऊन, दर पानाला वर साठ पैसे मोजून, घरातली जागा अडवून ठेवली होती. मिस्टरांना हे हळूच सांगा, जेवण झाल्यावर. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि पैसे शाईत काढायचे, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. बऱ्याचदा नव्या यंत्रासोबत येणारी कार्ट्रिजही अर्धीमुर्धीच भरलेली असते, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच महिन्यात दुकानात हजर.

खोक्यावर ४८० लिहिलं होतं आणि तीनशेच निघाली, यात दुकानदाराने फसवलं असं नाही. पानांचा तो आकडा काढायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आयएसओ २४७११ नावाची. तीत ठरावीक पाच नमुना पानं एकामागून एक, खंड न पडता छापत राहतात, कार्ट्रिज संपेपर्यंत. घरात असं कोण छापतं? आपण सोमवारी चार पानं काढतो, मग थेट शुक्रवारी. मधल्या काळात यंत्र सुरू केलं की ते आधी स्वतःची चूळ भरतं, घर्रर्र असा आवाज येतो तो त्याचाच. त्या चुळीत शाई जाते. त्यातून प्रश्नपत्रिकेवर वर जाड काळी पट्टी, त्यात पांढऱ्या अक्षरांत शिकवणीचं नाव, असं काही तुम्ही करत असाल तर ते आजच काढा. एक काळी पट्टी म्हणजे अर्ध्या पानाच्या मजकुराची शाई.

टाकीच्या प्रिंटरचं गणित अगदी वेगळं पडतं. त्यात कार्ट्रिज नाही. बाटलीतून शाई टाकीत ओतायची, समोरून पातळी दिसते. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच यंत्रांना काळ्या शाईची १३५ मिलिलिटरची बाटली लागते, तिच्यावर ६,००० पानं लिहिलेली असतात. तुमचा अनुभव लक्षात घेऊन मी ४,००० धरते. बाटली सहाशेच्या आसपास मिळाली तर पानाला शाई १५ पैसे. पहिली बाटली यंत्राच्या खोक्यातच येते. फक्त पहिल्या भरणीत बरीचशी शाई नळ्या भरण्यात जाते, तेव्हा पहिली बाटली लवकर संपली म्हणून घाबरू नका.

आणि इथे एक गंमत होते. शाई १५ पैसे, कागद ६० पैसे. इतके दिवस आपण शाईच्या नावाने बोटं मोडत होतो, पण टाकीचा प्रिंटर घेतला की खरा खर्च कागदाचा उरतो! म्हणून पाठपोट छापा. दोन पानांची प्रश्नपत्रिका एका कागदावर आली की कागदाचा खर्च पानाला ३० पैशांवर येतो. यंत्रात आपोआप पाठपोट छापायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर आधी सगळ्या विषम पानांची छपाई करा, मग गठ्ठा उलटून पुन्हा घाला आणि सम पानं छापा. गठ्ठा कुठल्या बाजूने उलटायचा हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बाण काढा, त्याच कागदावर काहीतरी छापा, बाण कुठे आला बघा आणि ती चिठ्ठी प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. माझ्या दुकानात ती चिठ्ठी अकरा वर्षं होती, पिवळी पडली तरी कुणी काढली नाही. पाठपोटसाठी ७० जीएसएमचा (कागद किती जाड-पातळ ते सांगणारं वजनाचं माप) कागद घेऊ नका, मागचं अक्षर पुढे दिसतं. ७५ किंवा ८० घ्या.

दुकान म्हटलं, तर तेही सांगून टाकते. कऱ्हाडला कॉलेजजवळ अठरा वर्षं माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तेव्हा पुढचं जे सांगणार आहे ते माझ्याच जुन्या धंद्याच्या विरोधात आहे.

तुम्ही झेरॉक्सवाल्याकडून बावीसच्या बावीस प्रती ‘प्रिंट’ म्हणून काढता. प्रिंटचा दर जास्त, प्रतीचा कमी. प्रश्नपत्रिकेची एकच प्रत प्रिंट करून घ्या आणि उरलेल्या एकवीस झेरॉक्स काढा. आणि महिन्याची दोन-अडीचशे पानं एकदम देणार असाल तर दर ठरवा. मी कायमच्या शिकवण्यांना रुपयाने पान द्यायचे, पाठपोट असेल तर अजून थोडं कमी. पण कुणी विचारलं तरच! कोण दुकानदार आपण होऊन दर पाडतो?

हे का सांगतेय ते बघा. आत्ताच्या ३ रुपये दराने टाकीचा प्रिंटर पाठपोट छापत पानाला अडीच रुपये वाचवतो, महिन्याला साडेसहाशेच्या पुढे. साडेबारा हजार वसूल व्हायला एकोणीस-वीस महिने, म्हणजे शिकवणीची दोन वर्षं. घेण्यासारखा. पण कोपऱ्यावरच्याने तुम्हाला १ रुपया दर दिला, तर बचत महिन्याला दीडशेच्याही खाली येते. मग प्रिंटरचे पैसे वसूल होईपर्यंत तुमची मुलगी कॉलेजला जाईल. दर २ रुपयांच्या खाली आला तर निव्वळ पैशांसाठी प्रिंटर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. आधी जाऊन विचारा.

अर्थात तुम्ही तरी घ्यालच, असा माझा अंदाज आहे. शिकवणी घेणाऱ्या बायकांना मी अठरा वर्षं पाहिलंय. शनिवारी रात्री दहा वाजता कळतं की सातव्या प्रश्नात ४८ च्या ऐवजी ८४ पडलंय, रविवारी सकाळी आठला परीक्षा, आणि शटर बंद. त्या रात्रीची किंमत पैशात धरायची की नाही, ते तुम्ही ठरवा. धरली तर पुढचं वाचा.

टाकी की लेझर? लेझरमध्ये शाई नसते, भुकटी असते. वाळायला ओलावाच नाही, त्यामुळे देवगडला महिना काय, चार महिने राहा, आल्या आल्या पहिलं पान स्वच्छ निघतं. अक्षरही सगळ्यांत सुबक. फक्त काळंच छापायचं असतं आणि मुलीचा प्रोजेक्ट नसता, तर मी डोळे झाकून लेझर सांगितला असता. खर्चाचं म्हणाल तर नेहमीच्या लहान टोनरवर, म्हणजे त्या भुकटीच्या डबीवर, दीड हजारच्या आसपास पानं लिहिलेली असतात. कंपनीचाच टोनर घेत राहिलात तर पान दोन रुपयांच्या वर जातं. पण टोनर पुन्हा भरून देणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत, दोन-तीनशे रुपयांत काम होतं, आणि भरलेल्या टोनरने यंत्राला सहसा काही होत नाही. पान २५ पैशांवर येतं. (घरी स्वतः भरायला जाऊ नका. ती भुकटी सांडली की फरशीच्या फटींत दिवाळीपर्यंत सापडते, आणि नाकात गेलेली वेगळीच.) अजून एक : कागदावर भुकटी वितळवायला आतला रूळ २०० अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे छपाई सुरू होताना वीज एकदम जास्त ओढली जाते. इन्व्हर्टरवर चालवायचं मनात असेल तर लेझर विसरा.

तीन वर्षांत टाकी आणि लेझर यांचा खर्च हजार-दीड हजारच्या फरकाने सारखाच पडतो, कागद धरून सतरा हजारांच्या आगेमागे. म्हणजे निकाल पैशांवर नाही. रंग आणि स्कॅनर हवा असेल तर टाकी. तुम्हाला सांगितलेल्या १३,००० च्या लेझरमध्ये स्कॅनर आहे का, ते विचारा. त्या किमतीत बहुधा नसतो. घरात एक स्कॅनर असला की आधार कार्डाची प्रत काढायला रात्री कुणाला पळावं लागत नाही. तुम्हाला मी टाकीचाच घ्या म्हणेन.

पण टाकीचा म्हणून कुठलाही उचलू नका. तुमचं खरं दुखणं मे महिना आहे, तेव्हा एक गोष्ट बघून घ्या. शाई ज्यातून उडते त्या तुकड्याला हेड म्हणतात. एप्सनच्या आणि ब्रदरच्या घरगुती यंत्रांत हेड आत पक्कं बसवलेलं असतं. ते टिकाऊ असतं, पण कायमचं तुंबलं तर दुरुस्तीवाला सांगेल तो आकडा ऐकून नवं यंत्र बरं वाटतं. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये बहुतेक ठिकाणी हेड हाताने काढून दुसरं बसवता येतं. रोज छापणाऱ्याला मी एप्सन खुशाल सांगते, माझ्या भावाकडे आहे आणि तो खूश आहे. महिनाभर कुलूप लावून जाणाऱ्याने हेड बदलता येणारं यंत्र घ्यावं. कॅनन आणि एचपीच्या टाकीच्या यंत्रांत काळी शाई सहसा पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे बारीक कण कागदावर बसतात. दप्तरात पाण्याची बाटली गळली तरी प्रश्न वाचता येतात. पाचवीच्या मुलांच्या बाटल्या गळतातच.

दुकानात अजून दोनच प्रश्न विचारा. वाया गेलेली शाई कुठे जाते? मघाशी चूळ म्हटलं ना, ती शाई आत एका स्पंजसारख्या गादीत मुरते. यंत्र मनाशी मोजत असतं, आणि गादी भरली असं त्याला वाटलं की ते छापायचं थांबतं, टाकी काठोकाठ भरलेली असली तरी. दुकानातला माझा एक प्रिंटर ऐन परीक्षेच्या हंगामात असाच दोन दिवे मिचकावत बसला. मी शाई बघते, कागद बघते, वायर काढून घालते, बाहेर हॉल तिकिटांसाठी मुलांची रांग. दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी आला, दहा मिनिटांत गादी बदलली आणि नऊशे रुपये घेऊन गेला. काही नव्या यंत्रांत ही गादी एका छोट्या डबीत असते, आपली आपल्याला बदलता येते. तशी डबी असलेलं मिळालं तर हजार रुपये जास्त गेले तरी घ्या. दुसरा प्रश्न, चिंचवडला किंवा पुण्यात सर्व्हिस सेंटर कुठे आणि माणूस घरी येतो का. टाकीत शाई असलेलं यंत्र रिक्षात मांडीवर आडवं घेऊन जाण्यासारखं नसतं. साडीचं काय होतं ते मी पाहिलंय.

वाय-फाय घ्या, शाळेचे सगळे कागद हल्ली फोनवरच येतात. त्याहून जास्त सोयींच्या मागे लागू नका. फॅक्स कुणाला पाठवणार आहात?

शाई कंपनीचीच वापरा. लेझरला भरलेला टोनर चालतो म्हणणारी मी इथे उलटं बोलतेय, कारण इथे वाचतात किती? पानाला सात-आठ पैसे. आणि बाहेरची शाई गाळ धरून हेडमध्ये बसली तर तीन वर्षांची बचत एका दुपारी जाते. टाकीवर खालची रेघ असते, पातळी तिच्या खाली जाऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की ती काढताना अजून शाई जाते. प्रश्नपत्रिका छापताना फोनवर किंवा संगणकावर ‘ग्रेस्केल’ (म्हणजे रंगाशिवाय, काळं-करडं) निवडा आणि कागदाचा प्रकार ‘साधा’ असाच ठेवा. तो चुकून ‘फोटो’ राहिला तर काही यंत्रं काळं अक्षरसुद्धा तिन्ही रंग मिसळून काढतात, आणि निळी शाई का संपतेय ते कळत नाही. मुलांच्या हातात द्यायच्या प्रतींना ‘ड्राफ्ट’, म्हणजे कमी शाईची फिकी छपाई, पुरतो, पण गणिताच्या पेपरला नको, दशांश चिन्ह पुसट येतं. पावसाळ्यात उघडं रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. ओल धरलेले कागद दोन-दोन आत जातात.

आता देवगड. यंत्र बंद करताना कधीही भिंतीवरचं बटण दाबू नका. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा आणि आवाज थांबेपर्यंत उभ्या राहा. त्या वेळात हेड उजवीकडे कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर बसतं, तोंड बंद होतं. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं की हेड वाटेतच उघडं राहतं आणि वाळतं. तुमच्या जुन्या प्रिंटरचे तिन्ही मे महिने असेच गेले असावेत असा मला संशय आहे. निघायच्या घाईत आपण घरातली सगळी बटणं भिंतीवरूनच बंद करत सुटतो, गॅस, गिझर, प्रिंटर, सगळं एका दमात.

हे केलंत तर एक महिना निघून जायला हरकत नाही. आल्यावर नोझल चेकचं पान काढा, हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते त्यात दिसतं. रेघा तुटक आल्या तर एकदा हेड क्लीनिंग, मग तासभर थांबून पुन्हा बघा. चारदा लागोपाठ क्लीनिंग लावू नका, ती गादी त्यानेच भरते. आणि समजा क्लीनिंगमध्ये थोडी शाई गेलीच, तर ती बाटलीतली, काही रुपयांची. ९०० ची कार्ट्रिज नव्हे.

तरी जीव खाली-वर होत असेल तर घराची किल्ली शेजारच्यांकडे असेलच. त्यांना प्रिंटरचं बटण दाखवून ठेवा आणि दर रविवारी एक रंगीत पान काढायला सांगा, हिरवं-लाल-पिवळं असलेलं कुठलंही. चार रविवारांची चार पानं. त्यांच्यासाठी येताना दोन डझन आणा, आणि पिकलेले नको, अढीत घालायचे.